एका सिनेट मतदारसंघाची कथा : लॉस एंजेलिस आणि एका मताचें मोल

नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत 'प्रतिनिधि' हा शब्द आपण पुष्कळदां वाचतों. लोकांच्या वतीनें जो बोलतो तो प्रतिनिधि, एवढी व्याख्या पाठ केली कीं आपण पुढच्या धड्याकडे वळतों. परंतु तो किती लोकांच्या वतीनें बोलतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. समजा, एका तुकडींत साठ मुलें आहेत व दुसरींत दोनच आहेत. प्रत्येक तुकडीनें एकेक प्रमुख निवडावा व शाळेच्या सभेंत दोन्ही प्रमुखांचीं मतें सारखीं धरावीं, असा नियम झाला, तर मोठ्या तुकडींतील मुलगा गप्प बसेल काय? अशाच स्वरूपाचा, पण याहून पुष्कळ विषम असा नियम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सुमारे ३५ वर्षें अमलांत होता. त्या राज्याच्या सिनेट सभेंतील ३८ व्या मतदारसंघाचा, म्हणजे लॉस एंजेलिस कौंटीचा, इतिहास आम्ही या लेखांत थोडक्यांत सांगणार आहों. इतिहास परक्या देशाचा खरा, पण त्यांतील प्रश्न प्रत्येक लोकसत्ताक देशाचा आहे.

राज्य व त्याचीं दोन सभागृहें

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत 'सिनेट' या नांवाची एक सभा वॉशिंग्टन येथें सबंध देशासाठीं आहे. पण त्याखेरीज जवळजवळ प्रत्येक घटक राज्याचीहि स्वतःची सिनेट आहे. आपल्या महाराष्ट्रांत विधानसभा व विधानपरिषद अशीं दोन सभागृहें आहेत, त्याप्रमाणें कॅलिफोर्नियांत असेंब्ली व सिनेट अशीं दोन आहेत. भेद इतकाच कीं, तेथील सिनेटचे सभासदहि सामान्य मतदारांनींच थेट निवडून द्यावयाचे असतात. असेंब्लीचे सभासद ८० व सिनेटचे ४०. कोणताहि कायदा व्हावयाचा तर तो दोन्ही सभागृहांत संमत व्हावा लागतो. म्हणून ज्याच्या हातीं सिनेट, त्याच्या हातीं निदान नकार देण्याची सत्ता तरी असतेच.

राज्याचे ५८ विभाग आहेत. त्यांस कौंटी म्हणतात. कौंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्हा असें समजावें. या कौंट्या आकारानें व वस्तीनें एकमेकींपासून अत्यंत भिन्न आहेत. एखादींत लक्षावधि लोक राहतात, तर एखादींत आपल्याकडील लहानशा खेड्याइतकीहि वस्ती नसते.

पूर्वीं दोन्ही सभागृहांतील जागा लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटीत असत. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून दक्षिणेकडील लॉस एंजेलिस झपाट्यानें वाढूं लागलें. तेल सांपडलें, चित्रपटांचा धंदा आला, बंदर झालें, आणि देशाच्या सर्व भागांतून लोकांचे लोंढे तेथें येऊन पडले. १९१० च्या खानेसुमारींत लॉस एंजेलिस कौंटीची लोकसंख्या ५,०४,१३१ होती. १९२० मध्यें ती ९,३६,४५५ झाली, आणि १९३० मध्यें २२,०८,४९२ वर गेली. उत्तरेकडील सॅन फ्रॅन्सिस्को हें तोंपर्यंत राज्याचें अग्रगण्य शहर होतें. १९२० च्या खानेसुमारीनें तो मान लॉस एंजेलिसला दिला. साहजिकच उत्तरेकडील लोक व खेड्यापाड्यांतील शेतकरी यांच्या मनांत भीति उत्पन्न झाली कीं, आतां एकच शहर सर्व राज्यावर स्वामित्व गाजवील.

१९२६ ची योजना

१९२० च्या खानेसुमारीनंतर जागांची नवी वांटणी व्हावयास हवी होती. पण विधिमंडळांत एकमत होईना व वांटणी रखडली. शेवटीं १९२६ सालीं हा प्रश्न सार्वमतासाठीं जनतेपुढें आला. शेतकऱ्यांच्या संघानें पुरस्कारिलेली एक योजना मतदारांनीं मान्य केली. तीप्रमाणें असेंब्ली लोकसंख्येवरच राहावी, पण सिनेट मात्र कौंट्यांवर आधारावी, असें ठरलें. तिचे दोन मुख्य नियम होते. कोणत्याहि कौंटीस, ती कितीहि मोठी असो, एकाहून अधिक सिनेटर मिळावयाचा नाहीं, हा पहिला. लहान कौंट्या एकत्र करावयाच्या तर एका मतदारसंघांत तीनांहून अधिक घालावयाच्या नाहींत, हा दुसरा. १९२८ सालीं पुन्हां सार्वमत झालें व ही व्यवस्था कायम झाली.

योजनेचे पुरस्कर्ते म्हणत, 'वॉशिंग्टनच्या सिनेटमध्यें लहानमोठ्या प्रत्येक राज्यास दोनच जागा नाहींत काय? तेथें जें न्याय्य, तें येथें अन्याय्य कसें?' युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो, आणि त्या काळीं पुष्कळ विचारी माणसांसहि तो पटला होता. त्यांत उणें काय, तें आपण पुढें पाहूं.

या योजनेचा परिणाम काय झाला, तो त्रैराशिकानें काढून पाहण्यासारखा आहे. १९६० च्या खानेसुमारींत सबंध राज्याची लोकसंख्या १,५७,१७,२०४ भरली. ती ४० सिनेटरांत सारखी वांटली असतां प्रत्येकाच्या वांट्यास सुमारे ३,९२,९३० माणसें येतात. आतां लॉस एंजेलिस कौंटीची लोकसंख्या होती ६०,३८,७७१. म्हणजे प्रमाणानें तिला सुमारे १५ जागा मिळावयास हव्या होत्या. मिळाली ती एक. त्याच वेळीं पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत मोनो, इन्यो व अल्पाइन या तीन कौंट्या मिळून एक मतदारसंघ होता. त्यांची एकूण लोकसंख्या १४,२९४, पैकीं अल्पाइनची तर केवळ ३९७! त्यांनाहि एक जागा. पहिल्या संख्येस दुसरीनें भागा. भागाकार ४२२ हून अधिक येतो. म्हणजे सिनेटपुरतें पाहिलें तर डोंगरांतील एका माणसाच्या मताचें वजन शहरांतील ४२२ माणसांच्या मतांइतकें होतें. राज्यांतील दर शंभरांपैकीं सुमारे ११ लोक सिनेटमध्यें बहुमत निवडून आणूं शकत होते!

आणखी एक तुलना करूं. त्या वेळच्या अमेरिकेंतील ५० राज्यांपैकीं ४२ राज्यांची लोकसंख्या या एका मतदारसंघाहून कमी होती. तेवढ्या सर्व लोकांनीं आपलें गाऱ्हाणें सिनेटमध्यें न्यावयाचें तें एकाच माणसाच्या तोंडून.

त्या एका खुर्चीवरचे लोक

ही एकुलती एक जागा कोणीं भूषविली, हेंहि पाहण्यासारखें आहे. १९३४ सालीं कल्बर्ट ओल्सन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे गृहस्थ निवडून आले. एवढ्या मोठ्या मतदारसंघांत ज्याचें नांव घरोघरीं झालें त्याला सबंध राज्य जिंकणें फारसें अवघड नव्हतें. १९३८ सालीं ते राज्याचे गव्हर्नर निवडले गेले. विसाव्या शतकांत त्या पक्षाचे ते पहिलेच गव्हर्नर. त्यांच्यानंतर रॉबर्ट केनी आले. तेहि पुढें राज्याचे ॲटर्नी जनरल झाले.

तिसरे जॅक टेनी. हे मूळचे वादक व गीतरचनाकार. पुढें वकील होऊन राजकारणांत आले, व १९४३ पासून बारा वर्षें सिनेटर होते. देशद्रोही विचारांचा शोध घेणाऱ्या विधिमंडळाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचें नांव गाजलें, आणि संशयावरून माणसांस छळल्याबद्दल त्यांच्यावर टीकाहि तितकीच झाली.

१९५४ ची निवडणूक विशेष स्मरणीय आहे. टेनी हे रिपब्लिकन पक्षाचे. पण पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत मिल्ड्रेड यंगर या बाईंनीं त्यांचा पराभव केला. अंतिम निवडणुकींत मात्र त्या थोडक्या मतांनीं रिचर्ड रिचर्ड्स यांच्याकडून हरल्या. त्या निवडून आल्या असत्या, तर राज्याच्या सिनेटमधील पहिल्या स्त्रीसभासद झाल्या असत्या. तो मान पुढें १९७६ सालीं रोझ ॲन व्यूच या दुसऱ्या भागांतील बाईंस मिळाला. साठ लक्ष लोकांना एकच जागा असली म्हणजे एकाच्या जयानें बाकी सर्वांचीं दारें बंद होतात. स्त्रिया, कृष्णवर्णीय नागरिक, मेक्सिकन वंशाचे लोक, कामगार, लहान व्यापारी, अशा एका महानगरांतील नाना प्रकारच्या समाजांचें प्रतिबिंब एका माणसांत पडावें तरी कसें? रिचर्ड्स यांच्यानंतर १९६३ सालीं टॉमस रीस आले, व १९६५ अखेर देशाच्या प्रतिनिधिगृहांत निवडून गेल्यामुळें त्यांनीं ही जागा सोडली. एकट्या लॉस एंजेलिसच्या एकट्या सिनेटरांची परंपरा तेथें संपली.

डोंगरापलीकडची बाजू

येथवर वाचून आपणांस वाटेल कीं, सारा अन्याय शहरावरच झाला व डोंगरांतील लोक उगाच माजले होते. पण न्यायाधीशानें दोन्ही पक्ष ऐकावे लागतात, व विद्यार्थ्यानेंहि.

वर सांगितलेल्या इन्यो कौंटींत ओवेन्स नांवाचें एक खोरें आहे. सिएरा नेवाडा पर्वताच्या बर्फाचें पाणी त्यांतून वाहतें. लॉस एंजेलिस शहर वाढूं लागलें तेव्हां त्याची तहान भागेना. शहरानें खोऱ्यांतील जमिनी व त्यांबरोबरचे पाण्याचे हक्क विकत घेतले, विल्यम मुलहॉलंड या इंजिनिअराच्या देखरेखीखालीं २३३ मैल लांबीचा जलमार्ग बांधला, व १९१३ सालीं पर्वतापलीकडचें पाणी शहरांत आणलें. इंजिनिअरी कौशल्याचा तो एक चमत्कारच. पण ज्या मळ्यांवर तें पाणी पूर्वीं खेळत असे, त्यांचें काय? ते सुकत गेले. ओवेन्स सरोवर कोरडें पडलें व त्याच्या तळाची क्षारयुक्त धूळ वाऱ्याबरोबर उडूं लागली. संतापलेल्या शेतकऱ्यांनीं १९२४ सालीं जलमार्ग सुरुंगानें फोडला, व त्याच वर्षीं पाण्याचे दरवाजे ताब्यांत घेऊन तें नदीच्या मूळ पात्रांत सोडून दिलें. अशा लोकांच्या हातीं सिनेटमधील एक जागा म्हणजे बुडत्याच्या हातची काठीच होती.

त्या काठीचा कांहीं उपयोगहि झाला. शोशोन गांवचे चार्ल्स ब्राऊन यांनीं सिनेटमध्यें या भागाचें दीर्घकाळ प्रतिनिधित्व केलें. खोऱ्यांतील बहुतेक जमीन शहराच्या मालकीची झालेली असल्यामुळें तेथील दुकानदार व रहिवासी स्वतःच्या गांवांत कुळें बनले होते. १९४५ सालीं ब्राऊन यांच्या नांवानें ओळखला जाणारा जो कायदा झाला, त्यानें अशा कुळांना आपला पट्टा पुढें चालविण्याचा पहिला हक्क मिळाला.

परंतु मुख्य संकट त्या जागेनें टळलें काय? नाहीं. १९४१ सालीं शहरानें जलमार्ग आणखी उत्तरेस वाढवून मोनो सरोवरास मिळणारे ओढे वळविले, आणि सरोवराची पातळी वर्षानुवर्षें उतरत गेली. हें सर्व डोंगरी मतदारसंघाचा सिनेटर खुर्चीवर असतांनाच घडलें. मताचें वजन ४२२ पट करूनहि दुर्बळाचें रक्षण होतेंच असें नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

न्यायालयाचा निर्णय

मतपेटीच्या मार्गानें ही व्यवस्था बदलण्याचे प्रयत्न १९४८, १९६० व १९६२ सालीं झाले; तिन्ही वेळां सार्वमत विरुद्ध गेलें. १९४८ सालीं बदलास विरोध करणाऱ्यांत राज्याचे लोकप्रिय गव्हर्नर अर्ल वॉरन हेहि होते. त्यांचें नांव लक्षांत ठेवावें.

जागांची वांटणी हा राजकारणाचा विषय आहे, त्यांत न्यायालयानें पडूं नये, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचें धोरण होतें. टेनेसी राज्यानें १९०१ पासून जागांची फेरवांटणीच केली नव्हती. तेथील नागरिकांनीं फिर्याद केली, तेव्हां १९६२ सालीं बेकर विरुद्ध कार या खटल्यांत न्यायालयानें हें धोरण सोडलें व असे वाद ऐकण्याचा आपणांस अधिकार आहे असें ठरविलें. मग १५ जून १९६४ रोजीं अलाबामा राज्याच्या रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्याचा निकाल लागला. तेथें एका कौंटींत सहा लाखांवर लोक व दुसरींत १५,४१७. सिनेटर दोघींसहि एकेकच. न्यायालयानें सांगितलें कीं, राज्याच्या दोन्ही सभागृहांतील जागा लोकसंख्येच्या शक्य तितक्या समान प्रमाणांत असल्या पाहिजेत. कारण विधिमंडळ हें माणसांचें प्रतिनिधि आहे, झाडांचें वा एकरांचें नव्हे. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश कोण? तेच अर्ल वॉरन! गव्हर्नर असतांना आपण घेतलेली भूमिका चुकीची होती, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें. आपल्याच जुन्या मताविरुद्ध निकाल देण्यास धैर्य लागतें. न्यायाच्या आसनावर बसल्यावर आपल्या प्रांताची सोय नव्हे, तर तत्त्व पाहावयाचें असतें, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

वॉशिंग्टनच्या सिनेटच्या दाखल्याचेंहि उत्तर त्या निकालांत आहे. देशाचीं मूळ राज्यें हीं स्वतंत्र अस्तित्व असलेलीं होतीं. त्यांनीं परस्परांत करार करून संघ निर्माण केला, व समान जागा हा त्या कराराचा भाग होता. कौंट्यांचें तसें नाहीं. त्या राज्यानेंच कारभाराच्या सोयीसाठीं पाडलेल्या आहेत. ज्यांनीं घर बांधलें ते भागीदार आणि घरांतल्या खोल्या यांची बरोबरी होत नाहीं.

'पण लोकांनींच सार्वमतानें ही योजना मान्य केली होती ना?' अशी शंका कोणी घेईल. तिचेंहि उत्तर त्याच दिवशीं कोलोरॅडो राज्याच्या एका खटल्यांत मिळालें. तेथील योजना १९६२ सालीं मतदारांनीं बहुमतानें स्वीकारलेली होती; तरीहि न्यायालयानें ती रद्द केली. समान मताचा हक्क हा प्रत्येक व्यक्तीचा आहे; तो बहुमतानेंहि दुसऱ्याचा काढून घेतां येत नाहीं, असें त्याचें सार. या निकालांविरुद्ध मत देणारे न्यायाधीशहि होते, व देशाची घटनाच बदलावी म्हणून सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनीं मोठी खटपट केली; पण १९६५ व १९६६ अशा दोन्ही वर्षीं त्यांस लागणारें दोनतृतीयांश मताधिक्य मिळालें नाहीं.

१९६६ नंतर

कॅलिफोर्नियांत फिल सिल्व्हर नांवाच्या एका वकिलानें फिर्याद लावली. १९६४ अखेर संघीय न्यायालयानें व १९६५ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें सिनेटची फेरवांटणी करण्यास सांगितलें. विधिमंडळानें १९६५ सालीं नवी वांटणी केली, व १९६६ च्या निवडणुकींत लॉस एंजेलिसमधून एकाऐवजीं अनेक सिनेटर निवडून आले. त्यांत मर्विन डायमली हे एक होते. त्रिनिदाद बेटांत जन्मलेले, भारतीय व आफ्रिकन अशा दुहेरी वंशाचे हे गृहस्थ पूर्वीं शिक्षक होते. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्यें बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद, व पुढें १९७५ ते १९७९ राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर. जुन्या एकाच जागेच्या पद्धतींत त्यांच्यासारख्यास दार उघडलें असतें असें वाटत नाहीं.

आणि डोंगरांतील लोक? त्यांचा स्वतंत्र मतदारसंघ गेला व ते मोठ्या मतदारसंघांत विलीन झाले. १९७० सालीं शहरानें दुसरा जलमार्गहि पुरा केला. पण १९७८ सालीं मोनो सरोवराच्या रक्षणासाठीं कांहीं तरुण अभ्यासकांनीं एक समिति स्थापन केली, मोजमापें घेतलीं, लोकमत जागें केलें व न्यायालयाचें दार ठोठावलें. १९८३ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, असें सरोवर ही सर्व जनतेची ठेव आहे, व पाणी वांटतांना तिचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य आहे. १९९४ सालीं राज्याच्या जलमंडळानें सरोवराची पातळी पुन्हां वाढविण्याचा हुकूम काढला. जें जास्त वजनाच्या मतानें साधलें नव्हतें, तें पुराव्यानें, चिकाटीनें व न्यायानें पुष्कळ अंशीं साधलें; आणि त्यास शहरांतील अनेक नागरिकांचाहि पाठिंबा मिळाला.

२००८ सालीं मतदारांनीं आणखी एक सुधारणा केली. विधिमंडळाचे मतदारसंघ आंखण्याचें काम आमदारांकडून काढून घेऊन १४ नागरिकांच्या स्वतंत्र मंडळाकडे दिलें. म्हणजे स्वतःच्या शेताचा बांध स्वतःच घालण्याचा मोह कोणास नको. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें राज्याची लोकसंख्या ३,९५,३८,२२३ होती. सिनेटर चाळीसच असल्यामुळें प्रत्येकाच्या वांट्यास दहा लाखांच्या जवळपास माणसें येतात. तेव्हां समानता साधली तरी प्रतिनिधि व प्रजा यांतील अंतर वाढलें, हा नवा प्रश्न उभा आहेच. एक प्रश्न सुटला कीं दुसरा येतो. लोकसत्ता ही एकदां बांधून कुलूप लावण्याची इमारत नव्हे. ती दर पिढीनें दुरुस्त करावयाची असते.

बोध

या इतिहासांतून आम्हांस तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, जुन्या नियमाखालीं उभी असलेली परिस्थिति बदलली, तर नियमहि तपासून पाहिला पाहिजे. नाहींतर कालचा समतोल उद्यांचा अन्याय होतो. दुसरी, अल्पसंख्यांचें भय खोटें नसतें. ओवेन्स खोऱ्याचे सुकलेले मळे त्याची साक्ष देतात. पण त्यावरचा उपाय दुसऱ्याच्या मताचें मोल कमी करणें हा नव्हे, तर बहुमतासहि बंधनकारक असे कायदे व निःपक्ष न्यायालयें हा आहे. तिसरी, आंकडे वाचावयास शिका. साठ लक्षांस एक व चौदा हजारांस एक, एवढे दोन आंकडे शेजारी शेजारी मांडले कीं जें दहा व्याख्यानांनीं समजत नाहीं तें समजतें.

तुम्ही आज विद्यार्थी आहां, उद्यां मतदार व्हाल. मतदानाच्या दिवशीं रांगेंत उभे राहाल तेव्हां पुढच्या व मागच्या माणसाकडे जरूर पाहा. त्यांतील कोणी श्रीमंत असेल, कोणी मजूर; कोणी शहरांतला, कोणी दूरच्या वाडीवरून पायीं आलेला. पेटीपाशीं पोंचल्यावर त्या सर्वांचें मोल सारखें व्हावें एवढ्याचसाठीं ठिकठिकाणच्या लोकांना फार मोठी झुंज द्यावी लागली आहे. तें मोल जाणून मत देणें हेंच नागरिकशास्त्राच्या अभ्यासाचें खरें फळ होय.